आज डॉलर काय चाललाय?

पुण्यातल्या आमच्या मनी चेंजरच्या काउंटरवर येणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न आधी विचारतो. मी आकडा सांगते. मग समोरचे काका मोबाइल पुढे करतात, "पण गूगलवर तर कमी दिसतोय!" दिसणारच. तो भाव बँका आपापसांत लाखो डॉलरचे व्यवहार करतात त्यातला, म्हणजे नुसत्या खात्यावरच्या नोंदींचा. काकांना हव्या असतात कागदी नोटा. त्या कुठून तरी आणाव्या लागतात, वाटेतला विमा उतरवावा लागतो, खऱ्या-खोट्या तपासाव्या लागतात. तिजोरीत पडून राहिल्या तर व्याज नाही आणि मध्येच भाव पडला तर तोटा दुकानाचा. हे सगळं विक्रीच्या भावात धरलेलं असतं. म्हणून एकाच दुकानात, एकाच सकाळी नोटांचा भाव एक असतो, कार्डावर भरायच्या डॉलरचा त्याहून थोडा कमी असतो आणि तुम्ही उरलेले डॉलर विकायला आलात तर आणखी खाली.

काही दुकानांच्या काचेवर 'झिरो कमिशन' असं लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं. कमिशन वेगळं घेत नाहीत, ते भावातच मुरलेलं असतं. माझ्या धंद्यातली ही गोष्ट सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण दुकान चालवायचं तर कमाई लागतेच. पण ती किती, हे गिऱ्हाइकाला कळायला हवं आणि त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: "आत्ता एक लाखाचं चलन घेतलं आणि इथंच लगेच परत विकलं, तर हातात किती येतील?" हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. विचारला की काउंटरवरचा माणूस जरा सावरून बसतो. भावावरची घासाघीस मात्र जरूर करा, आम्ही पाच-दहा पैसे सोडतो. एक लाखाच्या चलनावरचा १८० रुपये जीएसटी तेवढा सोडता येत नाही, तो सगळीकडे सारखाच.

हा प्रश्न थायलंडला जाणाऱ्यांनी तर विचारलाच पाहिजे. आकडे उदाहरणादाखल घेते. समजा बँकांमधला डॉलरचा भाव ८८ रुपये आहे, दुकान ८९.५० ला विकतं आणि ८६.५० ला घेतं. लाखाचे डॉलर घेऊन तिथंच विकले तर सव्वातीन-साडेतीन हजार जातील. आता बाथ बघा. बँकांमधला भाव २.७० धरला, तर दुकानात विक्री २.९५ आणि खरेदी २.४५ असणं मुळीच अशक्य नाही. त्याच लाखातले सतरा हजार गेले! डॉलर घेणारे-विकणारे रोज येतात, माल फिरता राहतो. बाथ घ्यायला सुट्टीच्या हंगामात झुंबड उडते आणि मग महिनोन्महिने कुणी विचारत नाही. गवळी रोजच्या रतिबाला जो भाव लावतो, तो लग्नाच्या एका दिवसाच्या बासुंदीला लावत नाही.

म्हणून थायलंडसाठी मी डॉलर घ्यायला सांगते. दोनदा बदली म्हणजे दोनदा नुकसान, असं लोकांना वाटतं आणि ते चूक आहे असंही नाही. पण दोन लहान नुकसानं एका मोठ्यापेक्षा परवडतात. वरच्याच आकड्यांनी, लाखाचे थेट बाथ घेतले तर साधारण ३३,९०० मिळतील. डॉलर नेऊन बँकॉकमध्ये ३२.४० बाथच्या भावानं बदलले तर ३६,२००. मात्र विमानतळावर उतरल्या उतरल्या समोर दिसणाऱ्या बँकेच्या खिडकीत बदलू नका. सुवर्णभूमी विमानतळाच्या तळमजल्याखाली, शहरात जाणाऱ्या रेल्वेच्या स्थानकाजवळ, सुपररिचसारख्या मनी चेंजरच्या खिडक्या आहेत, तिथला भाव बरा असतो. त्यांच्या फलकावर शंभराच्या नोटेला एक भाव आणि वीस, दहा, एकच्या नोटेला कमी भाव असतो. त्यामुळे "सुटे द्या, टिप द्यायला बरे" हा नेहमीचा आग्रह थायलंडच्या प्रवाशाला महागात पडतो. नोटा कोऱ्या घ्या. शाईचा ठिपका, बारीक फाट किंवा बँकेचा शिक्का असलेली नोट आग्नेय आशियात अनेक ठिकाणी परत करतात. अमेरिकेच्या दृष्टीनं ती चलनातच असते, पण तिथल्या दुकानदाराशी वाद घालून उपयोग नाही.

दुबईचं गणित उलटं. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे आणि आपल्याकडून त्या बाजूला एवढी ये-जा आहे, की दिरहॅम इथंच रास्त भावात मिळतो. युरो, पाउंड, सिंगापूर डॉलर यांचंही तसंच. आमच्याकडे जे चलन दिवसभर हातातून फिरतं, ते इथं घ्या.

रोख किती न्यायची हे देशावर ठरतं. स्वीडनमध्ये कॅफेच्या दारावर रोख घेत नाही अशी पाटी भेटते. जपानमध्ये मात्र एखाद्या छोट्या रामेनच्या दुकानात किंवा देवळात येनच्या नोटा आणि नाणीच लागतात. तिथं सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून आपल्या कार्डावर पैसे निघतात, त्यामुळे इथून नोटांचा गठ्ठा नेण्याचं कारण नाही. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएम दरवेळी २२० बाथच्या आसपास कापून घेतं, म्हणून काढायचेच तर एकदम काढा. कायद्यानं बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्याच नोटा मिळतात, बाकीचे कार्डावर. आम्हाला रुपयेही रोखीत द्यायचे तर ५०,००० पर्यंतच.

या मर्यादेवर कुरकुरणारे तरुण भेटले की मला त्यांचे आजोबा आठवतात. एके काळी अमेरिकेला शिकायला निघालेल्यांच्या खिशात आठ डॉलर असायचे, त्याहून जास्त मिळतच नसत. घेतलेल्या चलनाची नोंद पासपोर्टच्या मागच्या पानांवर शिक्का मारून व्हायची. २००४ साली रिझर्व्ह बँकेनं माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर न्यायची मुभा दिली, आज ती अडीच लाख डॉलर आहे. आता कुरकुर टीसीएसची, म्हणजे आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराची असते. वर्षभरात दहा लाखांवर चलन घेतलंत तर वरच्या रकमेवर २० टक्के कापले जातात, पण विवरणपत्र भरताना ते वळते करून घेता येतात.

कार्डाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण हल्ली सगळ्यात जास्त पैसे तिथूनच गळतात. साध्या क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर परदेशात खर्च केला की बहुतेक बँका साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावतात. म्हणजे लाखाला ४,१३० रुपये. मार्कअप न लावणारी कार्डंही मिळतात, ती शोधावीत. फॉरेक्स कार्डात भरण्याच्या दिवशीचा भाव पक्का होतो, पण डॉलर भरलेलं कार्ड झुरिकमध्ये वापरलं तर डॉलरचे फ्रँक करताना पुन्हा कात्री लागते. हे आम्ही सांगायला हवं आणि बरेचदा सांगत नाही.

खरी गोम पुढे आहे. पॅरिसच्या दुकानात कार्ड लावलं की मशीन विचारतं: युरो की रुपये? आपला माणूस हरखतो. परक्या मुलखात रुपया दिसला! शिवाय नेमके किती जाणार तेही कळतं. तो रुपये दाबतो. तिथं भाव लावते ती दुकानदाराची बँक किंवा तिची मध्यस्थ कंपनी आणि त्या भावात तिची कमाई भरलेली असते. वर आपल्याकडच्या अनेक बँका अशा व्यवहारालाही वेगळा आकार लावतात. तेव्हा काउंटरवरची मुलगी कितीही गोड हसून "रुपी?" म्हणाली तरी तिथलंच चलन निवडा. एटीएमसुद्धा हाच प्रश्न जरा आडवळणानं विचारतं, "आमचा दर मान्य आहे का?" नाही म्हणा. पैसे तरीही निघतात.

हॉटेल आणि भाड्याची गाडी यांना मूळ क्रेडिट कार्डच द्यावं. ते अनामत म्हणून रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला कित्येक दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्डावर अडकते ती तुमची मर्यादा, फॉरेक्स कार्डावर तुमचे जेवणाचे पैसे. आणि निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते बघा. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर ते मुळात बंदच असतात. फ्रँकफर्टहून मध्यरात्री आमच्या दुकानाला येणारे फोन बहुधा याचेच असतात.

यूपीआय भूतान, नेपाळ, सिंगापूर, श्रीलंका, मॉरिशस, अमिराती इथं थोड्याफार प्रमाणात चालतं. आयफेल टॉवरचं तिकीटही निघतं. त्याच्या भरवशावर मात्र निघू नका.

परत आल्यावर उरलेलं चलन १८० दिवसांत विकायचं असतं. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. नाणी कितीही ठेवा, कारण ती आम्ही घेतच नाही. विमानतळावर कॉफी पिऊन संपवा. कपाटात जुने पाउंड सापडले तर आधी हात लावून बघा. ॲडम स्मिथचं चित्र असलेली वीस पाउंडांची कागदी नोट सप्टेंबर २०२२ नंतर ब्रिटनमधल्या दुकानांत चालत नाही, तिच्या जागी प्लॅस्टिकची आली. ती घेऊन येणाऱ्या काकूंना आम्ही परत पाठवतो आणि त्या अगदी खट्टू होतात. पण नोट फुकट गेलेली नसते. बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटा कायम बदलून देते. भाचा लंडनला असेल तर दिवाळीला आला की त्याच्या हाती द्यावी. फराळाच्या डब्याबरोबर एवढं काम तो करेलच.