मला काही झालं नाही, सर

झोपेच्या गोळीची चाचणी म्हटली की लोकांना वाटतं, गोळी द्यायची आणि कोण कधी पेंगतं ते बघायचं. पेंगण्याचा आम्हाला फारसा उपयोग नसतो. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात जेवणानंतर कुणीही पेंगतं, त्याला गोळी कशाला हवी? म्हणून औषधशास्त्र विभागातलं आमचं काम सकाळी लवकर सुरू होतं, हलक्या नाश्त्यावर आणि चहाशिवाय. स्वयंसेवक गोळीला कुरकुरत नाहीत, चहाच्या बंदीला कुरकुरतात. त्यांचंही बरोबर आहे. रोजचा चहा तोडला की डोकं दुखतं, सुस्ती येते, आणि ती गोळीच्या खात्यावर जमा होते.

साधनं अगदी साधी. एका कागदावर आकड्यांच्या ओळी. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर ते वर दिलेलं, ९० सेकंदांत जमतील तितकी लिहायची. दुसऱ्यावर अक्षरांच्या गर्दीतून ठरलेली सहा अक्षरं खोडायची. तिसऱ्यावर १०० मिलिमीटरची रेघ, आपल्याला किती झोप आलीय तिथे खूण करायची. मग एकसारख्या कॅप्सूलमध्ये डायझेपाम किंवा नुसतं लॅक्टोज. कुणाला काय गेलं ते त्यालाही ठाऊक नसतं, मलाही. तास-दीड तासात औषध रक्तात शिखरावर पोहोचतं, तेव्हा तेच कागद पुन्हा पुढे. जर्मनीच्या एमिल क्रेपेलिनचं १८९२चं पुस्तक याच वाटेवरचं: दारू, क्लोरल हायड्रेट, चहा द्यायचा आणि साध्या बेरजांवर परिणाम मोजायचा.

खरी गंमत पुढे आहे. रेघ आणि कागद यांचं पटत नाही. पोरगा म्हणतो, "माले तं काहीच नही व्हयनं, सर." रेघेवरची खूणही तेच सांगते. अक्षरं मात्र सकाळपेक्षा कमी, मधली एक ओळ चक्क सुटलेली. गोळी हाताला मंद करते आणि हात मंदावलाय हे ओळखणाऱ्यालाही. उलट लॅक्टोज घेतलेली एखादी मुलगी डोळे चोळत भिंतीला टेकते. दोघंही खोटं बोलत नसतात.

कागदही भाबडेपणाने वाचायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सरावानेच हात सुटतो आणि औषधाचा परिणाम त्याखाली झाकला जातो. म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत आधी गिरवून घ्यायचं. एकाच माणसाला एकदा औषध, एकदा लॅक्टोज द्यायचं, तर त्या दोन फेऱ्यांमधलं अंतरही तसंच जपायचं. डायझेपामपासून शरीरात जो पदार्थ बनतो, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा वेळ, १०० तासांपर्यंत जातं. पाच अर्धायुष्यं धरली तर तीन आठवडे झाले. आठवड्यात उरकायची घाई मला पटत नाही.

स्वयंसेवक बहुधा आमचेच विद्यार्थी, हे मला आवडत नाही. ज्याच्या हातात अंतर्गत गुण, त्याने विचारायचंच नाही. संमतीपत्र मराठीत, घरी नेऊन वाचायला. आणि भुसावळहून अपडाऊन करणाऱ्याच्या मोटरसायकलची किल्ली सकाळीच आमच्या ड्रॉवरमध्ये. संध्याकाळी घरचं माणूस आलं तरच परत.

किल्लीबद्दल मी इतका चिवट का, ते धुळ्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर रस्ते इथेच एकमेकांना छेदतात. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामीनही माणसाला सुस्त करतं, आणि ती गोळी खिशात टाकून ट्रक निघतात. दुकानदार म्हणतो, झोप येईल. ड्रायव्हर म्हणतो, मला नाही येत. नसेलही येत. म्हणून ओपीडीत भेटलेल्या ड्रायव्हरला मी झोपेबद्दल विचारतच नाही. विचारतो, आज गाडी कुठवर न्यायची आहे?