दुसरी पालखी

दिवाळीच्या किल्ल्यावर जो संसार मांडलेला असतो, त्याला काळाचे आणि मापाचे कसलेच बंधन नसते. बुरुजाहून उंच असे महाराज सिंहासनावर बसलेले; त्यांच्या पायथ्याशी अंगठ्याएवढा वाघ; वाघाच्या शेजारी निर्धास्तपणे भाजी विकणारी बाई, बंदूकवाला शिपाई, आणि हळिवाच्या कोवळ्या रानात उतरलेले प्लॅस्टिकचे विमान. मला या गोंधळाची कधी चीड आली नाही. मुलांच्या राज्यात विमानाला मज्जाव का असावा? पण गेल्या वर्षी श्रावणातच आमच्या शाळेतल्या पोरांनी हट्ट धरला, "गुरुजी, या खेपेला खरा प्रसंग करायचा. मापात!"

'मापात' या एका शब्दाने पुढचे अडीच महिने आमची झोप उडवली.

आमची शाळा पन्हाळ्याच्या मुलुखात. तेव्हा प्रसंग कोणता, यावर वाद झाला नाही. १६६० सालच्या मार्चपासून सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातलेला. गडावर तीस वर्षांचे महाराज अडकलेले. आणि चार महिन्यांनंतर, जुलैतल्या एका पावसाळी रात्री, सहाशे मावळ्यांनिशी ते वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. वाटेत घोडखिंड. तिथे बाजीप्रभू आणि बांदलांचे लोक उभे राहिले आणि खिंड पावन झाली. हे सगळे एका टेबलावर मांडायचे, असे पोरांनी ठरवूनही टाकले.

मी त्यांना गणित घातले. आपला माणूस केवढा करायचा? चित्रे-बाहुल्यांच्या जगात ५४ मिलिमीटर हे जुने, रुळलेले माप आहे. म्हणजे माणूस आडव्या तीन बोटांएवढा, खऱ्याच्या सुमारे बत्तिसाव्या हिश्शाने. आता पन्हाळा ते घोडखिंड ही वाट पन्नासेक किलोमीटरची. तिला बत्तिसाने भागा. पोरांनी भागले आणि गप्प झाली. गड शाळेत ठेवला, तर खिंड दीड किलोमीटरवर, साखर कारखान्याच्या फाटकाशी करावी लागणार होती! एकाने तशीही तयारी दाखवली, हे सांगितले पाहिजे. शेवटी आम्ही एकच क्षण निवडला. राजदिंडीच्या वाटेने माणसे खाली उतरली आहेत आणि दोन्ही पालख्या अजून एकत्र आहेत, तो क्षण. एका पालखीत महाराज. दुसरीत महाराजांचा वेश केलेला शिवा काशीद. थोड्या वेळाने वाटा फुटणार. दुसरी पालखी शत्रूच्या हाती लागणार, आणि ती लागावी म्हणूनच निघालेली आहे.

माती कुंभारकाकांनी दिली. चाळून, भिजवून, कापूस घालून मळलेली. कापसाशिवाय एवढ्या बारीक हातापायांना तडे जातात. आत तारेचा सांगाडा, त्यावर माती, ती सावलीत वाळवायची, उन्हात नाही. भाद्रपदातल्या हवेत एकेक बाहुली वाळायला आठवडा घेई. मग डिंकात कालवलेल्या खडूच्या भुकटीचा हात द्यायचा, म्हणजे रंग मातीत मुरत नाही. एकूण बेचाळीस माणसे झाली. बेचाळीस म्हणजे सहाशे नव्हेत, पण बेचाळीस माणसांचे चौऱ्याऐंशी पाय करून पाहा.

रंगाची वेळ आली तेव्हा पोरांनी दोन डबे पुढे केले, एक भगवा आणि एक हिरवा. आपले भगवे, त्यांचे हिरवे, काम सोपे. मी डबे बाजूला ठेवले आणि दोन दिवस नुसत्या गोष्टी सांगितल्या. हा वेढा फोडायला बाहेरून नेताजी पालकर चालून आले, तेव्हा त्यांच्याबरोबर महाराजांच्या बाजूने लढणारा सरदार होता सिद्दी हिलाल. त्याचा तरुण मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. आणि तिकडे विशाळगडाला आदिलशहाच्या वतीने वेढा घालून कोण बसले होते? शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणचे दळवी. वेढ्यात राजापूरचे इंग्रजही होते; त्यांनी आपले निशाण लावून गडावर तोफगोळे टाकले, आणि त्याची परतफेड महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटून केली. "मग हिरवा रंग कुणाला द्यायचा?" एका मुलीने विचारले. मी म्हटले, "डोंगराला दे."

खरे म्हणजे त्या रात्री रंग असे दिसणारच नव्हते. आषाढी पौर्णिमेच्या सुमाराची रात्र; ढगांमागे चंद्र, त्यामुळे मिट्ट काळोख नाही, पण सगळ्यावर राखाडी झिलई. अंगावर घोंगड्यांच्या खोळी. भिजलेले कापड कोरड्यापेक्षा गडद दिसते आणि अंगाला चिकटते. पायाखाली पन्हाळ्याचा जांभा, म्हणजे चिखल तांबडा, आणि तो गुडघ्यापर्यंत उडालेला. आम्ही रंग वाळल्यावर घोंगड्यांच्या खांद्यांवर आणि खडकांवर पातळ वार्निशाचा हात फिरवला, आणि टेबलावर पाऊस पडून गेला! त्या दिवशी पोरे वर्गातून हलायला तयार होईनात. डोळ्यांचे मात्र एक कळले. तीन बोटांच्या माणसाला पांढरे बुबुळ काढले, की तो भूत पाहिल्यासारखा दचकलेला दिसतो. भुवईखाली नुसती सावली द्यावी. पाहणाऱ्याला डोळे आपोआप दिसतात.

एवढ्याशा माणसांवर एवढा वेळ घालवणारे आम्हीच वेडे, असे मला वाटत होते. पण आमच्या आधीचा एक थोर वेडा मला वाचनात भेटला. कॅप्टन विल्यम सायबोर्न नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती केली. त्यासाठी तो आठ महिने त्या रणांगणावरच्या शेतवाडीत राहिला, जमीन मोजली, आणि लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून विचारले, की १८ जून १८१५ रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कुठे होती, समोर कोण होते, शेतात पीक कोणते होते? उत्तरे शेकड्यांनी आली. त्याने कथिल-शिशाचे सत्तर हजारांच्या वर शिपाई मांडले आणि १८३८ साली लंडनमध्ये ते दाखवले. पण उत्तरांवरून त्याने प्रशियाचे सैन्य जितके मोठे आणि जितके पुढे आलेले मांडले, तितके वेलिंग्टनच्या गोटाला रुचले नाही. विजयाचा वाटेकरी एवढा मोठा दिसावा हे कसे चालेल? हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला तोच. सायबोर्नचे सरकारी पैसे तर आधीच बंद झाले होते. अखेर प्रशियनांच्या बाबतीत त्याला माघार घ्यावी लागली. ती प्रतिकृती आज लंडनच्या लष्करी संग्रहालयात आहे. मला तिच्यातल्या सत्तर हजारांपेक्षा उचलून ठेवलेल्यांची चौकशी अधिक करावीशी वाटते.

आता आमच्या उचलाउचलीकडे येतो.

बाहुल्या वाटून घेताना सगळ्यांना महाराज हवे होते आणि बाजीप्रभू हवे होते. भोई कुणालाच नको होते. शिवा काशीदही नको होता. तो शेवटी राहिला आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने मुकाट्याने उचलला. हा मुलगा सोमवारी कधी शाळेत नसे, कारण रविवारी रात्रीपर्यंत वडिलांच्या केशकर्तनालयात हाताखाली उभा असे. परंपरा सांगते की शिवा काशीद नाभिक होता. त्यामुळे त्याने तो उचलल्यावर दोघे-तिघे हसले. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ते हसणे मोठे झाले असते.

पण ती बाहुली सगळ्यांत अवघड निघाली. महाराजांचा चेहरा आम्ही वा. सी. बेंद्रे यांनी उजेडात आणलेल्या चित्रावरून केला होता. धारदार नाक, कोरलेली दाढी, कानांपुढचे कल्ले. शिवा काशीद हुबेहूब तसाच हवा. पण तसाच केला, तर तो महाराजच झाला! महाराजांसारखा दिसणारा, पण महाराज नसलेला माणूस रंगवायचा कसा? कादंबरीत मी 'त्याच्या अंतःकरणात कालवाकालव झाली' असे लिहून मोकळा झालो असतो. मातीच्या माणसाला ती सोय नाही.

तीन दिवस ती बाहुली कोरीच राहिली. चौथ्या दिवशी तो मुलगा माझ्या टेबलाशी आला.

"गुरुजी, त्यानं दाढी त्याच दिवशी केली असणार."

"कशावरून?"

"महाराजांसारखी नव्यानं कोरली असणार न्हवं? जुनी दाढी काढली की खालचं कातडं पांढरं दिसतंय. कानामागं तर लईच. उन्हानं तोंड रापलेलं असतंय, पण तेवढीच जागा उजळ. दोन-तीन दिवस ऱ्हातंय तसं."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. इतिहासाच्या ज्या पुस्तकांवर मी वर्षे घालवली, त्यांत हे कुठेच नव्हते, आणि ते त्याला शेजारच्या गल्लीतल्या गिऱ्हाइकांच्या मानांवरून ठाऊक होते.

"आणि एक," तो म्हणाला, "आपली दाढी आपल्याला इतकी बारीक कुठं कोरता येतीया? त्याची दुसऱ्या कुणीतरी केली असणार."

"कोण असेल?"

त्याने खांदे उडवले. पण उरलेल्या मातीतून त्याने त्रेचाळिसावी बाहुली केली. डोक्यावर घोंगडे, हातात आरसा. आरसा म्हणजे चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा कपटा. ती त्याने राजदिंडीजवळच्या एका खडकाआड, पालख्यांकडे तोंड करून ठेवली. इतिहासात तिला आधार नाही, हे मी जाणून होतो. पण मापात ती बरोबर होती, आणि मी ती राहू दिली.

शिवा काशीद त्याने एका संध्याकाळी संपवला. शून्य नंबरचा कुंचला, गव्हाळ रंगात किंचित पांढरा, आणि कानामागे नखाच्या कडेएवढी एक रेघ. बस्स. दोन्ही पालख्या शेजारी ठेवल्या, की प्रथम काहीच फरक दिसत नसे. मग ती रेघ दिसे, आणि एकदा दिसली की दुसरे काही दिसत नसे.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी प्रदर्शन भरले. गावातली मंडळी आली, आयाबाया आल्या, शेवटी संस्थेतले एक वजनदार गृहस्थ आले. त्यांनी कौतुक केले, पाठी थोपटल्या. चिखलात बोट घालून तो ओला नसल्याची खात्री करून घेतली. मग ते थबकले.

"गुरुजी, महाराज दोन कसे?"

मी सांगितले.

"ते माहीत आहे हो. पण शेजारी शेजारी, एकाच तोलामोलाचे? बरे दिसत नाही. लोक नमस्कार करतात. दुसरी पालखी मागे झाडीत सरकवा. नाहीतर काढूनच ठेवा. पोरांना काय समजते?"

तो मुलगा टेबलाच्या कडेलाच उभा होता. त्याने हात मागे घेतले आणि मान खाली घातली. पोराच्या चेहऱ्यावर असे काही दिसले, की सरळ शिक्षकाला फार काळ तोंड बंद ठेवता येत नाही. पण माझ्या तोंडून निघाले ते एवढेच:

"काढतो साहेब. कोणती काढू?"

ते वाकले. चष्मा वर केला, खाली केला. एका पालखीवरून दुसरीवर, दुसरीवरून पहिलीवर. भोवतालची पोरे श्वास रोखून उभी. बराच वेळाने त्यांनी बोट दाखवले.

"ते महाराज आहेत," तो मुलगा हळूच म्हणाला.

क्षणभर कुणी हलले नाही. मग ते गृहस्थच मोठ्याने हसले. त्या हसण्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. रागावले असते तर माझे काही चालले नसते. "अरे, मग जौहरच्या माणसांचे काय चुकले?" असे म्हणून त्यांनी मुलाला जवळ घेतले आणि ओळखायचे कसे ते विचारले. त्याने कानामागची रेघ दाखवली. त्यांचा हात नकळत स्वतःच्या मानेवर गेला.

दुसरी पालखी पाचही दिवस जिथे होती तिथे राहिली. भाऊबीजेनंतर आम्ही बाहुल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून खोक्यात भरल्या. पाच भोयांचे पाय मोडले होते, इंग्रजांचे निशाण कुणीतरी पळवले होते. सगळे भरून झाल्यावर तो मुलगा रेंगाळला.

"गुरुजी, आरशावाला मी घरी न्हेऊ?"

परवा केस कापायला गेलो होतो. तो आरशापुढच्या फळीवर आहे, तुरटीच्या खड्याशेजारी. त्याच्या हातातला चंदेरी कागद जरा काळा पडलाय. दिवाळीत नवा लावणार आहे म्हणे.