घाटाचे गणित : जुनी गाडी, नवे इंजिन आणि गिअरच्या दातांचा इतिहास

१/
दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या मागच्या आसात क्राउनला ३९ आणि पिनियनला ८ दात असत. १९४५ साली तीच जीप नागरी रूपात बाजारात आली, तेव्हा क्राउनचे दात ४३ झाले होते. इंजिन त्याच घराण्यातले होते आणि चाकेही जवळपास तेवढीच. मग हे चार दात का वाढले? जुन्या गाडीत नवे इंजिन बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे लागते. हा धागा त्याच उत्तराचा.

२/
आधी मूळ गोष्ट. ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८, ४३ भागिले ८ म्हणजे ५.३८. इंजिनाकडून येणारा शाफ्ट इतक्या वेळा फिरतो, तेव्हा चाक एकदा फिरते. आकडा मोठा असेल तर जोर अधिक आणि वेग कमी. आकडा लहान असेल तर याच्या उलट. सायकलच्या मागच्या चाकाला मोठी दातेरी चकती लावली की चढ सोपा होतो, पण सपाटीवर पाय उगाच भरभर मारावे लागतात. तत्त्व हेच.

३/
युद्धातील जीपला सैनिक घेऊन धावायचे होते. नागरी जीपपुढे शेतकरी उभा होता. त्याला नांगर ओढायचा होता, भरलेली ट्रॉली चिखलातून काढायची होती. म्हणून कंपनीने वेग थोडा सोडला आणि जोर घेतला. त्या ४३ दातांत गाडीचा पुढचा धनी कोण, हे लिहिलेले होते. स्वातंत्र्यानंतर महिंद्रने मुंबईत जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे सीजे-३बी हे नागरी रूप आपल्याकडे काही पिढ्या चालले.

४/
हाच धडा आपल्या कसारा घाटात रेल्वेने अधिक मोठ्या अक्षरांत गिरवला आहे. थळ घाटातील लोहमार्गाचा चढ ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. विजेची गाडी आली तेव्हा जीआयपी रेल्वेने घाटातील मालगाड्यांसाठी वेगळे इंजिन घेतले. डब्ल्यूसीजी-१ हे त्याचे नाव, ‘खेकडा’ हे लोकांनी दिलेले. प्रवासी गाड्यांसाठी वेगवान इंजिन निराळेच घेतले गेले.

५/
आजचे उदाहरण तर फारच बोलके आहे. मालगाडीचे डब्ल्यूएजी-९ आणि प्रवासी गाडीचे डब्ल्यूएपी-७ ही सख्खी भावंडे. दुसरे पहिल्यावरूनच घडवले. मुख्य फरक गिअरमध्ये आहे : मालगाडीच्या इंजिनात ७७ ला १५, म्हणजे ५.१३, प्रवासी इंजिनात ७२ ला २०, म्हणजे ३.६. विजेच्या मोटारी त्याच घराण्यातल्या, पण एक यंत्र ओझे ओढायला निघाले, दुसरे राजधानी घेऊन धावायला.

६/
आता रस्त्यावर येऊ. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना. महिंद्रने १९७९ मध्ये प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि ही इंजिने आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीला, बनू लागली. नावातच त्याचे माप आहे : चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर. क्षमता २११२ सीसी. घाट चढून वर आले की पहिले मोठे गाव इगतपुरी. तेथेच डिझेल इंजिनाचा कारखाना असावा, हा योग मला नेहमी मौजेचा वाटतो.

७/
कारखान्यांच्या बरोबरीने गॅरेजेही कामाला लागली. पेट्रोलच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवणे हा एका काळी महाराष्ट्रातील सर्वपरिचित उद्योग होता. इंजिन दणकट, खर्च कमी. परंतु सावकाश फिरणाऱ्या डिझेलमागे पेट्रोलच्या हिशेबाचा आस तसाच ठेवला, तर टॉप गिअरमध्येही इंजिन लवकरच आपल्या फेऱ्यांच्या मर्यादेला पोहोचते. गाडी कमी वेगातच किंचाळू लागते. त्या काळात डिझेल टॅक्सीत बसलेल्या अनेकांच्या कानांत तो आवाज अजून असेल.

८/
हा इतिहास मी चाळू लागलो त्याला कारण घरचे आहे. आमच्या ओझरच्या अंगणात नव्वदच्या दशकातील एक डिझेल व्हॅन उभी होती. मागच्या चाकांवर चालणारी, एकेकाळी शाळेची मुले नेणारी. तिचे इंजिन वयोमानाने थकले होते. आईच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला अर्ध्या तासाहून अधिक बसवत नाही. तिचे माहेर चिपळूणजवळ. थोरले मामा ऐंशीच्या पुढचे. तिला आडवे झोपवून नेता येईल अशी गाडी हवी होती.

९/
ओझर म्हटले की अनेकांना अष्टविनायकांतील विघ्नहर आठवतो. ते ओझर जुन्नर तालुक्यातले. आमचे ओझर निफाड तालुक्यातले, ‘ओझर मिग’ या नावाने ओळखले जाणारे. १९६४ मध्ये येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग-२१ विमानांचा कारखाना उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी ती विभागणी होती. दूर देशीचे इंजिन आणि इथला सांगाडा यांची सांगड घालणे, हे या गावाच्या रोजच्या कामाचे सूत्र होते.

१०/
माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. विमानाचे इंजिन बदलणे त्यांच्या दृष्टीने नवलाची गोष्ट नव्हे. मात्र त्याला जोडलेल्या प्रत्येक नळीची, तारेची आणि बोल्टची नोंद झाल्याखेरीज ते काम पुरे होत नाही. व्हॅनसाठी २.६ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन पाहून मी घरी आलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “इंजिन बसलं म्हणजे गाडी झाली नाही. मागे काय आहे ते आधी मोज.”

११/
मोजण्याची रीत सोपी आहे. मागचे एक चाक जॅकवर उचलायचे, दुसरे जमिनीवर टेकलेले ठेवायचे. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करायची. चाक दोनदा पूर्ण फिरवायचे आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. दोनदा अशासाठी की एकच चाक मोकळे असताना डिफरन्शियलमुळे ते दुप्पट फिरते. आमचे उत्तर आले पाचाहून किंचित अधिक. हाउसिंग उघडल्यावर दात मोजले : ४१ आणि ८. म्हणजे ५.१२५. मालगाडीच्या इंजिनाशी जवळजवळ जुळणारा आकडा!

१२/
भरल्या गाडीत चाकाचा एक फेरा २.२ मीटरचा. जुने इंजिन मिनिटाला ३५०० फेरे घेई तेव्हा टॉप गिअरमध्ये गाडी ताशी ९० किलोमीटर धावे. नव्या इंजिनाला २२०० फेऱ्यांच्या आसपास राहणे मानवते. त्याच आसावर २२०० फेऱ्यांना वेग येतो अवघा ५७. मिस्त्री म्हणाले, “भाऊ, मागचं हाउसिंगच बदलून टाकू. हायवेला पळाली पाहिजे ना?”

१३/
त्यांचा प्रस्ताव रास्त होता. ३९ ला १०, म्हणजे ३.९ चा आस लावायचा आणि चार गिअरची जुनी पेटी तशीच ठेवायची. २२०० फेऱ्यांना वेग ७४ पर्यंत जातो. दुसरा मार्ग असा : आस जुनाच ठेवायचा, पण नव्या इंजिनासोबत त्याचीच पाच गिअरची पेटी घ्यायची. तिचा पाचवा गिअर ०.७८ चा. ५.१२५ गुणिले ०.७८ बरोबर ४. वेग ७३. हमरस्त्यावर दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी पोहोचतात.

१४/
फरक घाटात पडतो. ओझरहून चिपळूणला आम्ही पुणे, सातारा, पाटण, कोयनानगर असे जाणार होतो. शेवटी कुंभार्ली घाट. माहेरी जाताना तो उतरायचा, परतताना चढायचा. गादी, पाण्याची टाकी, सामान आणि माणसे धरून गाडीचे वजन तीन टन. हिशेबासाठी चढ १२ ला १ धरला. नुसत्या चढाला २५० किलो ओढ लागते, रस्त्याच्या घर्षणाला आणखी सुमारे ४०. एकंदर २९०.

१५/
चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर, म्हणजे आसावर सुमारे १०१ किलोग्राम-मीटर जोर हवा. नवे इंजिन १८०० फेऱ्यांना २० देते. वाटेतील घट वजा जाता १८ उरतात. भागाकार केला की एकूण गुणोत्तर ५.६ हवे. तिसरा गिअर दोन्ही पेट्यांत १.४ चाच. ३.९ च्या आसावर गुणाकार येतो ५.४६ : थोडक्यात हुकले. जुन्या आसावर ७.२ : निभावले, तेही हाताशी जोर राखून.

१६/
म्हणजे लहान आकड्याच्या आसावर संपूर्ण घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी २६ च्या वेगाने. जुन्या आसावर तिसऱ्यात, ३३ ने. अवघड वळणावर समोरून एसटी आली आणि थांबावे लागले, तर पहिल्या गिअरवर पुन्हा निघताना लहान आकड्याच्या आसावर क्लच अधिक घासावा लागतो. क्लचप्लेट जळाल्याचा वास घाटात ज्याने एकदा घेतला आहे, त्याला याचे मोल निराळे सांगायला नको.

१७/
उतार त्याहून महत्त्वाचा. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २५ ने उतरताना ३.९ च्या आसावर इंजिन १७०० फेरे घेते, ५.१२५ वर २२००. फेरे जितके अधिक, तितके इंजिन गाडीला अधिक धरून ठेवते आणि ब्रेक कमी तापतात. मागे माणूस आडवा झोपलेला असताना ब्रेकवर धक्के देत उतरणे हा पर्यायच नव्हता. हे गणित अण्णांनी पाठकोऱ्या कागदावर दोनदा पडताळले.

१८/
अर्थात जुन्या आसाचीही एक किंमत आहे, ती लपवू नये. जुने इंजिन १३ किलोग्राम-मीटर देई, नवे २०. पहिल्या गिअरमध्ये क्राउन-पिनियनवर पूर्वी सुमारे २६६ चा भार येई, आता ४१० चा येऊ शकतो. म्हणून बेअरिंग नवी घातली, दातांची झिज तपासली, इंजिनाचा डिझेलपंप वाढवून घेण्याचा मोह टाळला. पहिला गिअर फक्त निघण्यापुरता, आणि त्यात अ‍ॅक्सिलरेटर हलका, हा घरचा नियम झाला.

१९/
गिअरपेटी बदलली की आणखी चार गोष्टी बदलतात. पेटी लांब असल्याने प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. क्लच त्याच इंजिनाचा हवा. स्पीडोमीटर पेटीवरून चालतो, त्यामुळे तो खोटे बोलू लागतो. किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहावा. आणि ब्रेकला बळ देणारा व्हॅक्यूम पंप नव्या इंजिनावर आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

२०/
कागदांचेही तसेच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत. इंजिन बदलण्यापूर्वी आरटीओची परवानगी, नंतर नोंदणीपुस्तकात नवा इंजिन क्रमांक आणि विमा कंपनीला सूचना, हा क्रम उलटा करू नये. आमच्या कामात लोखंडापेक्षा कागदाला अधिक आठवडे लागले.

२१/
डिसेंबरात आम्ही निघालो. आई गादीवर, अण्णा माझ्या शेजारी. कुंभार्ली दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. ब्रेकचा वापर वळणांपुरता. पोफळीला थांबून मी मागची चाके हाताने चाचपली, कोमट होती. मामा दारातच उभे होते. बहीण-भाऊ चार वर्षांनी भेटले. त्या चार दिवसांचे वर्णन येथे करणार नाही. परतताना घाट तिसऱ्यात चढला. दोन वळणांवर दुसरा घ्यावा लागला, कारण कागदावरचा घाट एकसारखा असतो आणि सह्याद्री तसा नाही.

२२/
विलीजचे ४३ दात, कसाऱ्याचा खेकडा, मालगाडीचे ७७ ला १५ : या सर्वांत एकच प्रश्न आधी विचारला गेला होता. ही गाडी कोणाला, काय घेऊन, कोणत्या वाटेने नेणार? इंजिनाची ताकद त्यानंतर येते. जुन्या गाडीत नवे इंजिन घालणाऱ्याने टॉप स्पीडचे स्वप्न पाहण्यापूर्वी आपला सर्वांत वाईट चढ आणि सर्वांत लांब उतार कोणता, हे लिहून काढावे. गुणोत्तर तेथून मागे मोजत यावे.

२३/
सत्तर-ऐंशीच्या दशकांत इंजिन बदललेल्या जीप, अ‍ॅम्बेसेडर किंवा व्हॅन कोणाच्या घरी असतील, तर त्यांच्या आसाचे दात आणि त्या कोणत्या घाटात चालत, हे जरूर लिहा. ही माहिती कोठेही छापलेली नाही. ती जुन्या मिस्त्रींच्या आणि चालकांच्या तोंडी आहे, आणि ती माणसे आता थकत चालली आहेत.