दुव्यांची वही

ब्राउझरमध्ये कंट्रोल-डी दाबलं की समोरचं पान जपलं जातं आणि एक छोटी चौकट उघडते. तिच्यात पानाचं नाव आधीच भरलेलं असतं. ते नाव ज्यांचं पान आहे त्यांनी ठेवलेलं असतं. तुम्हाला ते पान कशासाठी हवं होतं, हे त्यात कुठेच नसतं. सरकारी पानांवर तर पुष्कळदा नुसतं ‘मुख्य पृष्ठ’ एवढंच असतं. ते खोडावं आणि सहा महिन्यांनी आपण स्वतः ज्या शब्दांनी शोधू, ते शब्द तिथे लिहावेत. ‘सातबारा, डिजिटल सहीचा’ किंवा ‘बारावीनंतर नर्सिंग, प्रवेशाच्या अटी’. लिंक जपण्याच्या कामातलं खरं काम एवढंच आहे, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं.

*

नावात देवनागरी आणि रोमन दोन्ही असू द्यावं. ब्राउझर अक्षराला अक्षर जुळवून शोधतो. ‘विश्वकोश’ असं देवनागरीत टंकलं आणि जपलेलं नाव रोमन लिपीत असलं, तर समोर असलेली लिंकही त्याला दिसत नाही. मराठी माणूस कधी या लिपीत टंकतो, कधी त्या. दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले की प्रश्नच उरत नाही.

*

‘शिक्षण’, ‘आरोग्य’, ‘मनोरंजन’ असे फोल्डर पहिल्या दिवशी फार नेटके दिसतात आणि नंतर कोणी उघडत नाही. विषय अफाट असतो. कामाला मात्र सुरुवात असते आणि शेवटही. म्हणून फोल्डर कामाच्या नावानं करावेत: ‘धाकटीचा प्रवेश’, ‘आईचं गुडघ्याचं ऑपरेशन’, ‘दिवाळी अंकाचा लेख’. काम संपलं की अख्खा फोल्डर ‘झालेलं’मध्ये सरकवावा. फोल्डरच्या आत फोल्डर एकदाच. तिसऱ्या पायरीवर ठेवलेलं कोणाला आठवत नाही.

फायरफॉक्समध्ये टॅग लावता येतात, म्हणजे एकच पान ‘कोश’ आणि ‘एकोणिसावं शतक’ अशा दोन्ही नावांखाली सापडतं. क्रोममध्ये तशी सोय नाही. तिथे हेच शब्द नावाच्या शेवटी जोडावेत.

*

जपलेल्या वाटा दुसऱ्याला देण्याची कल्पना ब्राउझरपेक्षा, किंबहुना आजच्या संगणकापेक्षाही जुनी आहे. जुलै १९४५मध्ये अमेरिकेच्या ‘द अटलांटिक’ मासिकात व्हॅनेव्हर बुश यांचा ‘ॲज वुई मे थिंक’ हा लेख आला. युद्धकाळात अमेरिकेच्या वैज्ञानिक संशोधनाची सूत्रं सांभाळणारे हे गृहस्थ. त्यांनी ‘मेमेक्स’ नावाचं एक यंत्र कल्पिलं. लिहिण्याच्या टेबलाएवढं, पोटात मायक्रोफिल्मवर पुस्तकं, पत्रं, टिपणं. वाचणारा एका मजकुराला दुसरा जोडत जातो आणि त्याची एक वाट तयार होते.

त्यांनी दिलेलं उदाहरण मला लेखातल्या यंत्राहून मोलाचं वाटतं. एक माणूस धनुष्यबाणांचा अभ्यास करतोय. क्रुसेडच्या चकमकींत तुर्कांचं आखूड धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्याहून सरस का ठरलं, हा त्याचा प्रश्न. तो ज्ञानकोशातून इतिहासाकडे, तिथून लवचीक पदार्थांच्या गुणधर्मांकडे जातो, मधे मधे स्वतःची टिपणं घालतो. काही वर्षांनी मित्राशी बोलताना, लोक नव्या गोष्टी स्वीकारायला का कचरतात, हा विषय निघतो. त्याला ती जुनी वाट आठवते. तो तिची प्रत काढतो आणि मित्राला देतो, मित्र ती आपल्या मेमेक्समध्ये बसवतो.

इथे दोन गोष्टी आहेत. वाटेत त्याची स्वतःची टिपणं आहेत. आणि ती वाट बोलण्यातून, गरज निघाल्यावर, एका ठरावीक माणसाला दिलेली आहे. आज आपण जे पाठवतो त्यात या दोन्हींची उणीव असते.

*

१९९३च्या मोझॅक ब्राउझरमध्ये जपलेल्या पानांच्या यादीला ‘हॉटलिस्ट’ म्हणत. नेटस्केपनं ‘बुकमार्क’ हा शब्द रुळवला, मायक्रोसॉफ्टनं ‘फेव्हरिट्स’. नेटस्केप कधीच इतिहासजमा झाला. तरी आज क्रोम, फायरफॉक्स किंवा एजमधून बुकमार्क एक्स्पोर्ट करा आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा: पहिल्या ओळीत नेटस्केपचंच नाव दिसेल. त्या कंपनीनं ठरवलेली साधी एचटीएमएल मांडणी सगळ्यांनी तशीच ठेवली. प्रत्येक लिंकपुढे एक लांबलचक आकडा असतो. १ जानेवारी १९७०पासून ती लिंक जपली त्या क्षणापर्यंतचे ते सेकंद.

ही फाइल कुठल्याही ब्राउझरमध्ये पानासारखी उघडते, लिंका टिचकीसरशी चालतात. ती मेलनं पाठवता येते, पेन ड्राइव्हवर देता येते, खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत. फक्त एक सांभाळावं: क्रोम अख्खा संग्रह एकत्रच बाहेर काढतो. दवाखान्याच्या, बँकेच्या, घरगुती भानगडींच्या लिंकाही त्यात जातात. देण्याआधी फाइल उघडून नको ते काढावं.

*

मराठी शिकवणाऱ्या किंवा मराठीत लिहिणाऱ्या कोणालाही मी पहिल्यांदा ही यादी देईन.

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे. शब्द टाकून शोधता येतो. ज्ञानेश्वरी वाचताना अडलेला शब्द आणि पेशवाईच्या कागदांत अडलेला शब्द, दोन्हींसाठी एकाच दारात जाता येतं. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं आणलेल्या संकेतस्थळावर वाचता येतात. मराठी विश्वकोशाच्या नोंदी जालावर आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात.

ही सगळी लोकांच्या पैशानं आणि अनेकांच्या आयुष्यभराच्या कष्टानं उभी राहिलेली कामं. पण मोबाइलवर एखादा मराठी शब्द शोधला तर वर येतात ती जाहिरातींनी भरलेली अर्थ-सांगणारी पानं, त्यातली काही यंत्रानं भाषांतर करून टाकलेली. दाते-कर्वे खाली कुठेतरी राहतात. इंग्रजी वाचकाला शोधयंत्र निदान चांगल्या कोशाच्या दारात नेऊन सोडतं. मराठी वाचकाला अजून माणसानंच न्यावं लागतं. म्हणून मराठीत लिंकांची यादी जपणं आणि देणं हे हौसेचं काम नाही. ग्रंथपाल जे करतो त्याच जातीचं ते काम आहे.

*

यादी देताना प्रत्येक लिंकपुढे एक वाक्य. काय आहे, कोणासाठी आहे, कुठून सुरुवात करावी. ‘जुन्या मराठीचा कोश, संतसाहित्य वाचताना, रोमन लिपीतही शोधून पाहा.’ एवढ्यानं समोरच्याचा अर्धा तास वाचतो.

*

व्हॉट्सॲपच्या गटावर नुसती लिंक येते. वर शब्द नाही, खाली शब्द नाही. पाठवणाऱ्यानं ती स्वतः वाचली का, आवडली म्हणून पाठवली की संताप आला म्हणून, काहीच कळत नाही. पन्नास माणसांत एक वाक्य लिहायला कोणी थांबत नाही, आणि मग पन्नासांपैकी कोणीच ती उघडत नाही. एखाद्यानं ‘यातला कापसाच्या भावाबद्दलचा तिसरा परिच्छेद वाच, तुझ्या कामाचा आहे’ असं लिहून एकालाच पाठवलं, तर ती लिंक वाचली जाते.

गटात जुनी लिंक शोधायची असेल तर गटाच्या नावावर टिचकी मारून मीडिया, लिंक आणि दस्तऐवजांच्या भागात जावं. तिथे आलेल्या लिंका ओळीनं मिळतात. पण त्या भागाला संग्रह समजू नये. फोन बदलला, बॅकअप राहिला, की गेलं. चांगलं काही आलं की त्याच दिवशी ब्राउझरमध्ये नाव देऊन ठेवावं.

*

मराठी विकिपीडियावरच्या लेखाची लिंक कॉपी करून चिकटवली की टक्क्यांची चिन्हं आणि आकड्यांची रांग उमटते. बिचकून लोक ती लिंक पाठवतच नाहीत, व्हायरस असेल म्हणतात. त्यात काही बिघडलेलं नसतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हामागे दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं, त्यांची पंचेचाळीस. विकिपीडियाच्या साधनांमध्ये लघुपत्ता करून देण्याची सोय आहे, ती वापरावी. लेख ज्या रूपात आपण वाचला त्याच रूपात दाखवायचा असेल तर तिथेच शाश्वत दुवाही मिळतो; नंतर कोणी लेख बदलला तरी तो दुवा जुनी आवृत्ती दाखवतो.

*

लिंकचं शेपूट. प्रश्नचिन्हानंतर ‘यूटीएम’ किंवा ‘एफबीक्लिड’ असं काही दिसलं, तर ते कोण कुठून आलं याची नोंद ठेवण्यासाठी लावलेलं असतं. ते काढून पान उघडतं का पाहावं. बहुतेक वेळा उघडतं. सरसकट कापू नये, यूट्यूबच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतरच व्हिडिओची ओळख असते.

*

दुसऱ्याच्या घरात ठेवलेल्या संग्रहाचं काय होतं, याचा इतिहास आता पुरेसा जमला आहे. जोशुआ शॅक्टर यांनी २००३मध्ये ‘डेलिशस’ सुरू केलं. आपले बुकमार्क सगळ्यांना दिसतील असे ठेवायचे, हवे ते टॅग लावायचे, आणि तेच पान आणखी कोणी जपलंय ते पाहत अनोळखी माणसाच्या संग्रहात शिरायचं. वाचनाची आवड जुळणारी माणसं सापडण्याचं इतकं सरळ साधन त्यानंतर मला दिसलेलं नाही. २००५मध्ये याहूनं ते विकत घेतलं, २०११मध्ये विकून टाकलं, हात बदलत राहिले आणि २०१७मध्ये ‘पिनबोर्ड’ या छोट्या प्रतिस्पर्ध्यानं ते विकत घेतलं. गूगलची स्वतःची बुकमार्क सेवा ३० सप्टेंबर २०२१ला बंद झाली. नंतर वाचायचे लेख ठेवण्यासाठी लाखो लोक वापरत होते ते ‘पॉकेट’ मोझिलानं ८ जुलै २०२५ला बंद केलं.

यातून सेवा वापरूच नयेत असं मी म्हणणार नाही. जिथून आपला संग्रह फाइल म्हणून बाहेर काढता येत नाही, तिथे एकही लिंक ठेवू नये, हे मात्र ठामपणे म्हणेन.

*

प्यू रिसर्च सेंटरनं २०२४मध्ये दिलेला आकडा: २०१३ साली जालावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. मराठीचं नुकसान आणखी वेगळ्या तऱ्हेनंही झालं. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येकाचा फाँट वेगळा, मांडणी वेगळी; त्या काळचं पान शाबूत राहिलं असलं तरी फाँट नसला की नुसती अर्थहीन रोमन अक्षरं दिसतात. ऑर्कुट या समाजमाध्यमावर मराठी माणसांनी किती चर्चा केल्या असतील! मूळ ऑर्कुट २०१४मध्ये बंद झालं.

पान मोलाचं वाटलं तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचा पत्ता टाकून ते साठवायला सांगता येतं. तिथली लिंक मूळ लिंकच्या शेजारी लिहून ठेवावी. गावाच्या इतिहासाबद्दल एखाद्यानं हौसेनं केलेलं संकेतस्थळ, एखाद्या शाहिराच्या मुलाखतीचं पान, यांच्यासाठी हे जरूर करावं. अशी पानं चालवणारा माणूस गेला की वर्षाचं भाडं कोणी भरत नाही आणि पान जातं.

*

घरातल्या मोठ्यांच्या ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीवर चार-पाचच लिंका लावून द्याव्यात: बँक, वीजबिल, रेल्वे, पेन्शन. नाव मोठ्या मराठीत, ‘माझी बँक’ असं. दर वेळी शोधून जाण्यात धोका आहे, कारण शोधात वर पैसे देऊन आलेली बनावट पानंही असू शकतात. लिंक लावताना पत्ता स्वतः तपासावा. ‘गव्ह डॉट इन’ हा शेवट फक्त सरकारी यंत्रणांना मिळतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं ‘बँक डॉट इन’ हा शेवट ठरवला आणि ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत त्यावर जायला सांगितलं. तेव्हा त्याआधी लावून दिलेली बँकेची लिंक एकदा उघडून नवी करून द्या.

*

वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत म्हणा, संग्रह वरून खालपर्यंत पाहावा. मेलेल्या लिंका काढाव्यात, ज्यांची नावं पाहून काही आठवत नाही त्या उघडून नाव द्यावं किंवा काढाव्यात. मग एक्स्पोर्ट करून फाइलच्या नावात साल घालावं.

आणि त्यातल्या दहा-बारा लिंका निवडून, प्रत्येकीपुढे एक मराठी वाक्य लिहून, तुमच्या गावच्या वाचनालयाला नाहीतर शाळेतल्या मराठीच्या बाईंना द्या. छापून दिली तरी चालेल. मग पत्ते तेवढे छोटे असू द्या.