खालची हवा

जमिनीखालची मुंबई आमच्या घराला नवी नाही. बा गटारात उतरायचा, मी मेट्रोत उतरलो. एवढाच काय तो पिढीचा फरक.

मी उतरलो ते ठेकेदाराचा वायरमन म्हणून. आरे ते कफ परेड ही तीन नंबरची मेट्रो 33.5 किलोमीटर, 27 स्टेशनं, त्यातली 26 जमिनीच्या पोटात. बोगदे खणायला 17 मशीनं आणली आणि त्यांना नद्यांची नावं ठेवली. गोदावरी, कृष्णा, वैतरणा. बाच्या टोळीला ठेकेदाराच्या वहीत नुसते आकडे होते.

स्टेशनाच्या टोकाला पंख्याच्या खोल्या असतात. तिथं मी केबल ओढली. माणूस उभा मावेल एवढा पंखा, उलटाही फिरतो. बोगद्यात आग लागली तर एकीकडून धूर ओढायचा, दुसरीकडून ताजी हवा सोडायची, म्हणजे माणसं हवेच्या दिशेनं चालत बाहेर पडतील. रस्त्याकडेला जाळीची चौकोनी खोकी दिसतात ना, ती या स्टेशनाची नाकं. पहिल्यांदा पंखा चालू झाला तेव्हा मी कौतुकानं बघत राहिलो. मग संताप आला. सालं, हवा खाली नेता येते तर!

2025च्या ऑक्टोबरात लाईन कफ परेडपर्यंत पुरी झाली. डिसेंबरात, 6 तारखेच्या आदल्या दिवशी, बाला म्हणलं चल, चैत्यभूमीला माझ्या मेट्रोनं जाऊ. मरोळ नाक्याला गेलो. सरकत्या जिन्याशी बा थांबला. मला वाटलं जिन्याला भ्याला. पण तो खाली, भिंतीच्या कडेला बघत होता.

"झुरळं दिसत न्हाईत रं."

"बा, स्टेशन आहे हे. रोज पुसतात."

"तेच म्हंतो. झुरळं न्हाईत."

मला उशिरा पेटलं. गटाराचं झाकण उघडलं की बा आधी झुरळं बघायचा. जित्ती असली, पळाली, तर गॅस नाही, उतरायचं. नसली तर थांबायचं. मुकादम बोंबलला तरी थांबायचं. 1972च्या दुष्काळात जालन्याकडून पोट घेऊन आलेल्या माणसाला या शहरानं दिलेलं यंत्र ते एवढंच. त्याचा जोडीदार 1991 साली एकदा थांबला नाही. दोर ओढला तेव्हा नुसतं वजन वर आलं.

पुढं मैला उचलण्याविरुद्ध 1993चा कायदा आला, 2013चा आला. 2014ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, 1993पासून गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना 10 लाख द्या. 2023ला तेच कोर्ट 30 लाख म्हणालं. चांगलं झालं. पण जोडीदाराची बायको, आमची काकी, दोन वर्षांनी हुकली. कागद घेऊन मीच तिच्यासंगं हिंडलो. "तारीख बसत नाही," खिडकीतला साहेब म्हणाला. तो आपल्यातलाच होता, हेही सांगून टाकतो.

बाला लिफ्टनं खाली नेलं. फलाटावर काचेची दारं, थंडगार हवा. एक बाई फरशी पुसत होती.

"कुठली गं माय तू?"

"परभणीकडची, बाबा."

"परमनंट हाईस का?"

ती हसली. "कंत्राटाची." मग दोघं सोयाबीनचं, पावसाचं बोलत राहिले. तिचा हात थांबला नाही. आमच्या दोन गाड्या गेल्या.

गाडीत मी पंख्याचं सांगितलं. बा कान देऊन ऐकत होता. म्हणाला, "असला ल्हान पंखा गटारीच्या तोंडाशी आणता येतो का?"

"येतो. ब्लोअर म्हणतात. हातगाडीवर मावतो. पाईप खाली सोडायचा."

"कवापून मिळतो?"

"लई वर्षं झाली."

"म्हंजी आमी उतरायचो तवाबी?"

मी हो म्हणालो.

दादरला वर आलो. शिवाजी पार्काकडं माणसांची रीघ लागली होती, लेकरं खांद्यावर, पिशव्या डोक्यावर. बा बराच वेळ गप्प चालला. मग म्हणाला, "येताना लोकलनं जाऊ. दारात उभं ऱ्हातो."