आमसुलांचे थकलेले पैसे

आमसुलांचा हंगाम जेमतेम एप्रिल-मेचा. मिरगाच्या आत रातांब्यांची (कोकमाच्या फळांची) खरेदी, फोडणे, सुकवणे सगळे उरकावे लागते. बी काढलेली साल मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची. अशी पुटे चढत गेली की काळपट, लवचीक सोल तयार होते. उरलेल्या रसाचे आगळ. रातांबेवाल्याला आणि फोडणाऱ्या बायकांना पैसे रोख लागतात, विक्री मात्र वर्षभर रेंगाळते. म्हणून या धंद्याचा जीव यंत्रापेक्षा खेळत्या भांडवलात असतो.

सरकारी मदतीचा भर यंत्रांवर दिसतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळते. वळीव कोसळला की सुकवणी यंत्राची किंमत कळते, हे खरे. पण अडकलेले बिल त्याने सुटत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या कुडाळजवळच्या घरगुती उद्योगाचे बिल एका शहरी दुकानसाखळीकडे असेच अडकले. माल पोचला, चलनावर शिक्काही बसला. मग उत्तरे सुरू झाली: जीआरएन (माल मिळाल्याची पावती) निघालेले नाही, साहेब रजेवर आहेत, फाइल अकाउंट्सकडे आहे. दिवाळी उलटल्यावर पैसे आले तेही डेबिट नोट लावून. साखळीने स्वतःच जादा मागवलेल्या आगळाच्या बाटल्या मुदत संपत आल्याच्या सबबीवर परत आल्या, लेबले फाटलेली, काहींची झाकणे सैल. त्यांचे जाण्यायेण्याचे भाडेही पुरवठादाराच्या माथी. तोवर हंगामासाठी काढलेल्या कर्जावर व्याज चढतच होते.

कायदा आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. दाद सुविधा परिषदेकडे मागता येते. पण तक्रार करणाऱ्याचा माल पुढच्या महिन्यात कोण मागवील? मुदतीनंतर व्याज आपोआप खात्यात पडावे, त्यासाठी छोट्याने दार ठोठावायची वेळच येऊ नये. तोवर उधारीवर एकाच गिऱ्हाइकाला निम्म्याहून जास्त माल देऊ नये.

एवढे होऊनही त्या साखळीला सोलं आजही जातात. एकगठ्ठा मागणी दुसरीकडून येत नाही आणि बायकांचे काम तिच्यावरच चालते. आगळ मात्र आता मुंबई-पुण्याच्या ओळखीच्या घरांनाच, पैसे आधी घेऊन.