शालीचा धागा

मेरी ॲन निकोल्सपाशी त्या रात्री चार पेन्स नव्हते. लंडनच्या दरिद्री पूर्वभागात एका बिछान्याचे एका रात्रीचे भाडे तेवढेच होते. ३१ ऑगस्ट १८८८ च्या पहाटे बक्स रो या रस्त्यावर तिचे प्रेत सापडले. पुढील दहा आठवड्यांत व्हाइटचॅपेल आणि लगतच्या वस्तीत आणखी चार स्त्रिया त्याच हातून मारल्या गेल्या, असे मानले जाते. तो हात कुणाचा, हे कधीच कळले नाही. ‘जॅक द रिपर’ हे नावदेखील एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्रातले. आणि ते पत्र कुणा बातमीदारानेच रचले असावे, असा काही पोलिस अधिकाऱ्यांचा कयास होता.

ज्याची अंगकाठीच ठाऊक नाही, त्याला कुणाचाही अंगरखा चढवता येतो. आरंभी संशय गेला तो परागंदा होऊन आलेल्या ज्यूंवर. गौल्स्टन स्ट्रीटमध्ये खडूने लिहिलेली ज्यूंविषयीची एक ओळ दंगलीच्या भयाने पोलिस आयुक्त वॉरन यांनी उजाडण्यापूर्वीच, छायाचित्रही न घेता, पुसून टाकवली. १८९४ च्या टिपणात मॅकनॉटन यांनी तीन नावे लिहिली. त्यांपैकी ड्रुइटची नोंद डॉक्टर अशी आहे. तो होता बॅरिस्टर आणि शाळामास्तर. ऑस्ट्रोग तर त्या दिवसांत फ्रान्सच्या तुरुंगात होता! पुढे लोकांना राजवाड्यातला खुनी हवासा वाटू लागला आणि १९७० नंतर राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टरचे नाव गाजले. दोन खून झाले त्या ३० सप्टेंबरला तो स्कॉटलंडमध्ये होता. २००२ मध्ये पॅट्रिशिया कॉर्नवेल यांनी चित्रकार सिकर्टला आरोपी ठरवले. २०१४ मध्ये एका शालीवरील जनुकीय अंशांतून कोस्मिन्स्की ‘सिद्ध’ झाल्याचे जाहीर झाले. ती शाल म्हणे कॅथरीन एडोजच्या प्रेताजवळची.

एडोजला त्या रात्री एकच्या सुमारास पोलिस ठाण्यातून सोडले होते. पाऊण तासात मायटर स्क्वेअरमध्ये ती मृतावस्थेत आढळली. तिच्या अंगावरील आणि जवळील वस्तूंची यादी पोलिसांनी केली. तीत शाल नाही. साबणाचे सहा तुकडे आहेत, चहाची एक आणि साखरेची एक डबी, चिंध्या, टाचण्या, सुया, अंगुस्तान, एकच लाल हातमोजा, चष्म्याचा तुकडा. आणि मोहरीच्या डब्यात गहाणवटीच्या दोन चिठ्ठ्या. त्यांतली एक तिच्या जोडीदाराच्या बुटांची होती.